समुद्रात लुटलेली चांदी आणि वहीतील दावा

सौंसरच्या बाजारपेठेस समुद्र दूरचा. कापूस आणि संत्री यांच्या व्यवहारात आमच्या व्यापारी बंधूंना फार तर बिल्टी हरवल्याचा किंवा माल कमी उतरल्याचा अनुभव असावयाचा. तथापि माल वाटेतच लुटला गेला, तर भरपाई कोणी करावयाची आणि दाव्याचा आकडा कशाने सिद्ध व्हावयाचा, हा प्रश्न सतराव्या शतकातील सागरी व्यापाऱ्यांपुढेही उभा होता. त्या काळातील दोन प्रकरणांचा परामर्श घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

सुरतेहून जहाजे कापड व नीळ घेऊन तांबड्या समुद्रातील मोखा बंदरी जात आणि विक्रीच्या मोबदल्यात मुख्यत्वे चांदीची परदेशी नाणी घेऊन परतत. ही चांदी पुढे टांकसाळीत जाऊन तिचे रुपये पडत. सागरी जोखमीसाठी विमा होता आणि माल सुखरूप पोहोचला तरच देय होणारी जोखमी हुंडीही होती. परंतु लुटारूची भीती या साधनांनी संपत नसे; म्हणून जहाजमालक सामर्थ्यवान दर्यावर्दी सत्तांकडून अभयाचे परवाने घेत.

१६३५ मध्ये या परवान्याचीच कसोटी लागली. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या आश्रयाने निघालेल्या ‘रोबक’ जहाजाने सुरतेचे ‘तौफीकी’ व दीवचे ‘महमूदी’ ही दोन जहाजे लुटली. ज्यांचा माल त्या काळी इंग्रज चाचांच्या हाती गेला, त्यांत अहमदाबादचे नगरशेठ, चिंतामणी पार्श्वनाथ मंदिराचे निर्माते शांतिदास झवेरी हेही होते. लुटारू आमचे नव्हेत, असे ईस्ट इंडिया कंपनीचे म्हणणे. आणि ते सर्वस्वी खोटेही नव्हते, कारण ‘रोबक’ हे कंपनीच्या प्रतिस्पर्ध्यांचे जहाज होते. परंतु ‘तौफीकी’जवळ कंपनीचाच परवाना होता. मोगल अधिकाऱ्यांनी सुरतेच्या कोठीचा प्रमुख विल्यम मेथवोल्ड यास सुमारे आठ आठवडे अटकेत ठेविले आणि अखेर कंपनीस १,०७,००० रुपये भरावे लागले. शांतिदासांनीही आपले दरबारी वजन खर्चून नुकसानीची वसुली केली. ज्याने अभय दिले, त्याने दायित्वही स्वीकारले पाहिजे, हा न्याय येथे प्रस्थापित झाला.

दुसरे प्रकरण १६९५ चे. हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने प्रथम सुरतेचे धनाढ्य व्यापारी अब्दुल गफूर यांचे ‘फतेह मुहम्मद’ आणि मागोमाग ‘गंज-इ-सवाई’ हे बादशाही जहाज लुटले. मोखा व जेद्दा येथील विक्रीचे बावन्न लाख रुपयांचे सोनेचांदी त्यावर होते, असे इतिहासकार खाफीखान लिहितो. औरंगजेब तेव्हा भीमाकाठी ब्रह्मपुरीच्या छावणीत होता. सुरतेच्या इंग्रज कोठीवाल्यांस कैदेत टाकण्यात आले; मुंबईच्या इंग्रजांवरही संशय गेला. जहाजांना संरक्षण देण्याचे कंपनीने पत्करल्यावर १६९६ मध्ये कोठीवाल्यांची सुटका झाली. एव्हरी मात्र कधीच हाती लागला नाही.

या प्रकरणी खरा वाद रकमेचा राहिला. इतिहासग्रंथांत मोगल बाजूचा आकडा सहा लाख पौंडांचा, तर कंपनीचा सव्वातीन लाखांचा आढळतो. एवढे अंतर कसे पडावे? आमच्या मते त्याचे एक कारण मालाच्या स्वरूपातच आहे. जाताना नेलेल्या कापडाच्या गाठींवर धन्याची खूण असते आणि बीजकात नग मोजलेले असतात. परतीच्या चांदीवर कोणाचेही नाव नसते. एकदा नाणी एका ढिगात मिसळली की आपली कोणती व शेजाऱ्याची कोणती हे कोण सांगणार? मग मालकीचा आधार उरतो तो आडत्याच्या हिशेबाचा आणि पेढीच्या वहीचा. वही चोख नसेल, तर खऱ्या धन्याचा दावाही फुगविलेला वाटतो. आणि एकाने आकडा फुगविला, तर साऱ्या दावेदारांवर संशय येतो.

आमच्या आचार्यांनी सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, गणिली आहे. आणि अचौर्याच्या अतिचारांत चोराने आणिलेला माल घेणेही गणिले आहे. लुटीची चांदी कोणीतरी विकत घेतो, म्हणूनच लूट फायद्याची होते, हे त्यांनी जाणले होते. धर्माची ही शिकवण आणि पेढीचा अनुभव येथे एकच गोष्ट सांगतात. रेल्वेचा दावा असो वा विम्याचा, आपल्या बाजूने उभा राहणारा पहिला साक्षीदार रोजच्या रोज लिहिलेली कीर्दच होय. मालास अपघात झाल्यावर ती लिहावयास बसणाऱ्यास ती साक्ष लाभत नाही, हे आमच्या तरुण व्यापारी बंधूंनी ध्यानी ठेवावे.