वासंतिक चर्या आणि सुहृद्वियोग

फाल्गुन संपत आला की आपल्या चिकित्सालयांच्या फलकांवर वासंतिक वमनाची सूचना लागते. शीतकाळात साचलेला कफ सूर्यकिरणांनी पातळ होतो आणि अग्नी मंदावतो. म्हणून तीक्ष्ण वमन, व्यायाम, उद्वर्तन, जुने यव-गोधूम, मध आणि दिवास्वापाचा निषेध, हे सारे आपणांस मुखोद्गत असते. याच प्रकरणात वाग्भटाचार्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती मात्र आपल्या पत्रकांतून हटकून गळते. मन प्रसन्न करणारी आसव-अरिष्टादी पेये मित्रांसह घ्यावीत. मध्यान्हकाळ कोकिळांच्या कूजनाने भरलेल्या, जवळून पाणी वाहणाऱ्या उपवनात गोष्टी-गप्पांत घालवावा, असे ते सांगतात. हा भाग काव्यालंकार समजून आपण ओलांडतो. माझ्या मते तो चर्येचाच भाग आहे आणि मित्र हे त्यातील एक द्रव्य आहे. मग ज्याचे मित्रच गेले, त्याने वसंत कसा काढावा?

हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना 2021 च्या चैत्र-वैशाखात पडला असेल. कोविडच्या दुसऱ्या लाटेत माझे तीन स्नेही गेले. दोघे सहाध्यायी वैद्य होते, तिसरे काष्ठौषधींचे दुकानदार. गुडूची ओली हवी की वाळलेली, यावरून त्यांच्याशी माझा वीस वर्षे वाद चालला होता. अंत्यविधीस मोजकीच माणसे. घरी जाऊन बसणेही निषिद्ध. नंतरच्या वर्षभरात माझ्याकडे आलेल्या रुग्णांत अशी सुहृद्वियोगाची माणसे पुष्कळ होती. त्यांत चाकणच्या कारखान्यांत एकाच पाळीला काम करणारेही होते. आई-वडील किंवा पती-पत्नी गेली तर समाज सुतक पाळतो, चौकशीला येतो. मित्र गेला तर माणूस तिसऱ्या दिवशी कामावर असतो आणि त्याच्या शोकाला नाव राहत नाही.

आळंदीत राहणाऱ्या माणसाला याचे जुने उदाहरण दूर शोधावे लागत नाही. शके 1218, म्हणजे इसवी सन 1296 मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांनी येथे समाधी घेतली, तेव्हा नामदेव जेमतेम सव्वीस वर्षांचे होते. पुढे मार्गशीर्षात सासवडला सोपानदेव, वैशाखात तापीकाठी मुक्ताबाई, ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ. अवघ्या आठ महिन्यांत चारही भावंडे गेली आणि त्या वर्षीचा वसंत या वियोगांच्या मधोमध आला. नामदेवांच्या नावावरील समाधीच्या अभंगांत ते कोठेही शोक लपवीत नाहीत, उघड आक्रंदन करतात. त्याच अभंगांत आणखी एक तपशील येतो, तो वैद्याने लक्षात ठेवावा असा आहे. नामदेवांच्या चार मुलांनी समाधीची जागा झाडून स्वच्छ केली. रडण्याला मुभा होती आणि हातांना काम होते. नामदेव पुढे उत्तरेकडे गेले आणि पंजाबात घुमानपर्यंत पोहोचले.

रडण्याच्या मुभेबाबत आपले शास्त्र फार नेमके आहे. चरकाचार्यांनी शोकाचा वेग धारणीय वेगांत घातला, पण बाष्पाचा, म्हणजे अश्रूंचा वेग अधारणीय ठरविला. अश्रू रोखल्याने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची आणि भ्रम होतात. त्यावर उपाय तीनच: निद्रा, मद्य आणि प्रिय कथा. येथेही शेवटी बोलणारे माणूस लागतेच. अग्र्यसंग्रहात शोक हा शोषण करणाऱ्या भावांत श्रेष्ठ म्हटला आहे, आणि शोकज अतिसारात वातहर क्रियेसोबत हर्षण व आश्वासन सांगितले आहे.

आता व्यवहाराची अडचण पाहा. शोकग्रस्ताला रात्री झोप नसते, म्हणून तो दुपारी झोपतो. वसंतात तेच वर्ज्य. कफ वाढतो, अंग जड होते, अन्न नकोसे वाटते आणि रुग्ण म्हणतो, ‘डॉक्टर, कफच झालाय, वमन द्या.’ वरचे लक्षण कफाचे, आत मात्र शोषण चाललेले. सिद्धिस्थानातील अवम्यांच्या यादीत चिंताग्रस्ताचा स्पष्ट उल्लेख आहे. वासंतिक शिबिरांच्या गर्दीत हा उल्लेख विसरला जातो, हे मी खेदाने नमूद करतो. शिबिराच्या नोंदणीपत्रकात रक्तदाब आणि वजन विचारतात. गेल्या वर्षात कोण गेले, हे कोणी विचारीत नाही.

2022 च्या चैत्रात मी स्वतः मरकळच्या बाजूला एका आप्ताच्या मळ्यावर तीन आठवडे राहिलो. हेतू चिकित्सेचा नव्हता. घरात बसवत नव्हते, इतकेच. कांद्याची काढणी सुरू होती. सकाळी बायकांबरोबर वाफ्यात बसून काटणी करायची, उन्हे तापली की करंजाच्या सावलीत भाकरी आणि ताक. करंजाला नुकती पालवी फुटलेली, कडुनिंब फुलला होता आणि त्या कडसर गंधाखाली दुपार सरत असे. मजूर बायका आपापसांत बोलत, मधूनच मला विचारीत, ‘वैद्यबुवा, तुमचे ते दुकानवाले भले माणूस होते, नाही?’ त्यांनी कधीतरी त्यांच्याकडून हिरडा-बेहडा नेलेला असे. मग एकेक आठवण निघे. डोळ्यांना पाणी येई, तरी हात चालूच. कांदा समोर असल्यामुळे कोणाला कारणही सांगावे लागत नसे! दुपारची झोप आपोआप सुटली, रात्रीची आली. सातव्या-आठव्या दिवशी भूक लागली, तीही कडकडून. औषध म्हणून रात्री दुधातून अश्वगंधा आणि पादाभ्यंग, एवढेच घेतले. मळ्यापलीकडे इंद्रायणी होती, पण तिच्या पाण्याची आजची अवस्था पाहता वाग्भटांचे उपवन शब्दशः मिळणे नाही. बराखीची सावलीही चालते.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंना एक विनंती. शोकग्रस्त माणूस वैद्याकडे येण्याआधी बहुधा तुमच्या काउंटरवर येतो आणि ‘झोपेचे काहीतरी’ मागतो. सारस्वतारिष्ट किंवा जटामांसी देण्यापूर्वी जेवताना सोबत कोण असते, हे विचारावे. सहा महिने उलटूनही जो सावरत नाही किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलतो, त्याला विनाविलंब मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. बाकीच्यांपैकी ज्यांचे गाव, शेत, नातलगांचा मळा जवळ आहे, त्यांना तेथे पाठविता येते. खेड तालुक्यात अजूनही कोणाच्या ना कोणाच्या मळ्यावर चैत्रात माणसे कमीच पडतात.