एकशे वीस पानांचं एक चित्र

मत्स्याची दहा पानं ओळीनं मांडली, की पहिल्यावर एक मासा, दुसऱ्यावर दोन, असे दहाव्यापर्यंत पंचावन्न मासे होतात. पान गोल, तळहातात सहज मावणारं. शेवटच्या पानावर तेवढ्याच जागेत दहा मासे बसवायचे, एकमेकांना न चिकटता, आणि सगळे एकाच वळणाचे. पुढे कूर्माची पंचावन्न कासवं, वामनाचे पंचावन्न कमंडलू, परशुरामाचे पंचावन्न परशू. दहा अवतारांची मिळून साडेपाचशे चिन्हं झाली. शिवाय प्रत्येक अवताराचा एक राजा आणि एक प्रधान. अशी १२० पानं हातावेगळी होतात, तेव्हा सावंतवाडीचा दशावतारी गंजिफांचा एक संच पुरा होतो.

गंजिफा आठवल्या त्या समूह प्रदर्शनांमुळे. फाइन आर्टची मुलं वर्षअखेरीला चार-सहाजणं एकत्र येतात, हॉलचं भाडं वाटून घेतात, एकच निमंत्रणपत्रिका छापतात. आत गेलं की ही भिंत याची, ती भिंत तिची. प्रत्येक चित्राखाली नावाची चिठ्ठी. त्यात गैर काहीच नाही. आपला हात सापडावा म्हणून तर मुलं कला महाविद्यालयात येतात. पण भाडं सोडून त्या प्रदर्शनात सामायिक काय होतं, हा प्रश्न मला दर वेळी पडतो. आपल्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडीच्या मोती तलावाच्या काठावरच्या राजवाड्यात, त्याचं एक उत्तर मांडी घालून बसलेलं आहे.

राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये गंजिफा रंगवणारे चितारी कामाला बसतात. पाहायला येणाऱ्यांना ते जवळून दिसतं. मान खाली, डाव्या हाताच्या चिमटीत पान, उजव्या हातात बारीक कुंचला. काठाची रेघ ओढताना कुंचला फारसा हलत नाही, पानच बोटांत फिरतं. गोल पुरा होऊन रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळते. सांधा शोधू गेलं तर सापडत नाही.

जुनी पद्धत कापडाची होती. चिंचोक्याच्या खळीनं कापडाचे थर एकमेकांवर चिकटवायचे, वर पांढरा लेप द्यायचा, वाळला की दगडानं घोटून गुळगुळीत करायचा आणि मग गोल पानं कापायची. रंगकाम झालं की लाख. आता कापडाच्या जागी बहुधा जाड कागद आला आहे, पण लाखेची चमक आणि घोटलेल्या पानाचा हाताला लागणारा गुळगुळीतपणा तोच आहे.

गंजिफा आपल्याकडे आली ती मोगलांकडून. बाबरानं १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मोगलांकडचे संच आठ रंगांचे, ९६ पानांचे. इकडे दशावतार आले आणि पानं १२० झाली. सावंतवाडीत ही कला इथले राजे तिसरे खेमसावंत यांच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली असं मानतात. पुढे छापील पत्ते आले. स्वस्त आणि कुठेही मिळणारे. गंजिफा मागे पडल्या, चिताऱ्यांनी इतर कामं धरली आणि विसाव्या शतकाच्या मध्याला ही कला येणारे हात जवळजवळ उरले नव्हते.

त्या वेळी सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी जे केलं, ते माझ्या मते या जिल्ह्याच्या कलेच्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं काम आहे. जुन्या पिढीतल्या वृद्ध चिताऱ्याकडून त्यांनी ही विद्या समजून घेतली. सत्वशीलादेवी बडोद्याच्या राजघराण्यातून आलेल्या. त्यांनी स्वतः कुंचला धरला आणि नव्या मुलांना शिकवायला घेतलं. १९७१ मध्ये 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' ही संस्था सुरू झाली. सत्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या. काम थांबलं नाही. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळालं.

मला यात सर्वांत विचार करायला लावते ती पानाची पाठ. पत्त्यांचा खेळ म्हटला की पाठी सारख्याच हव्यात. एका पानाची पाठ जराशी वेगळी झाली, एखादा ठिपका चुकून पडला, की समोरचा खेळणारा ते पान ओळखणार आणि डाव फुटणार. म्हणजे चिताऱ्याचा हात जिथे ओळखू येईल, ते पान खेळातून बाद! चित्रकलेच्या वर्गात जो गुण म्हणून शिकवला जातो, तो इथे दोष ठरतो. मात्र पान उलटलं, की नरसिंहाच्या डोळ्यांत, कृष्णाच्या कमरेच्या बाकात चिताऱ्याला थोडी मोकळीक असते. सामायिक पाठ आणि स्वतःचं तोंड: एकत्र काम करणाऱ्यांसाठी याहून चांगला करार मला माहीत नाही.

आमच्याकडच्या जत्रांतलं दशावतारी नाटक पाहिलेल्याला हे नवं वाटणार नाही. लिखित संहिता नसते. संवाद नट आयत्या वेळी रचतो, पण कथानक सगळ्यांचं एक. कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर समाजाच्या चित्रकथीतही सुटी चित्रं एकामागून एक दाखवत कथा गायली जाते. एकट्या चित्राला तिथे अर्थ नाही, चित्रांची पोथी पुरी असावी लागते. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

मुंबईतला एक धागा इथे जोडावासा वाटतो. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या कलाकारांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, १९४९ मध्ये प्रदर्शन भरवलं. सहा जण, सहा वेगळे हात. भारतातलं बहुधा सर्वांत गाजलेलं समूह प्रदर्शन. या मंडळींच्या पाठीशी उभा राहिलेला एक जर्मन कलासमीक्षक होता, रुडॉल्फ फॉन लायडन. नव्या चित्रकारांची बाजू घेणाऱ्या याच माणसानं आयुष्यभर गंजिफा जमवल्या आणि १९८२ मध्ये त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. त्याला या दोन आवडींत विसंगती वाटली नाही, मलाही वाटत नाही.

म्हणून सिंधुदुर्गातल्या कला विद्यार्थ्यांना एक विनंती. पुढच्या प्रदर्शनात एक भिंत सगळ्यांची ठेवा. दहा जणांनी दहा अवतार वाटून घ्या. चिन्हं, राजा, प्रधान ज्यानं त्यानं आपापल्या हातानं काढावेत. पाठी मात्र सगळ्यांनी मिळून, एकसारख्या. आधी चार दिवस राजवाड्यात चिताऱ्यांजवळ बसून या. आणि पानं काचेआड ठेवू नका. हॉलमध्ये चटई अंथरा, येणाऱ्यांना खेळायला बसवा. दिवसा डाव मांडलात तर पहिली उतारी रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याची, आणि दिवे लागल्यावर कृष्णाची.