गोदाकाठ ते गंगाकाठ (लेखांक पाचवा) : काशीत शिकायचे, पण जेवायचे कुठे?

मागच्या आठवड्यात आपण कायगावच्या पाटणकर दीक्षितांपाशी थांबलो होतो. गंगापूर तालुक्यातले हे गोदावरीकाठचे गाव. समोर प्रवरेचा संगम आणि पलीकडे टोके. इथले नारायण दीक्षित अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीला गेले आणि तिथलेच झाले. पेशव्यांच्या घरात त्यांचा शब्द गुरूचा म्हणून चाले. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या बाजूला जी मराठी वस्ती वाढली, तिच्यामागे त्यांचा मोठा हात होता. पण दीक्षित गेले ते नाव, ओळखी आणि पाठबळ घेऊन. त्यांच्यानंतरच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत गोदाकाठच्या गावांतून पंधरा-सोळा वर्षांचा एखादा मुलगा दोन पंचे, एक तांब्या आणि पळी-पंचपात्र घेऊन निघाला, तर त्याचे तिकडे काय होत असे? तो झोपायचा कुठे, शिकायचा कोणापाशी आणि मुख्य म्हणजे जेवायचा कुठे? इतिहासाच्या पुस्तकांत घाट आणि देवळे सापडतात, हा मुलगा फारसा सापडत नाही. आजचा लेखांक त्याच्यासाठी.

आधी वाट. कायगाव ते काशी अंतर हजार किलोमीटरच्या वर. रेल्वेपूर्वी एकट्यादुकट्याने एवढे कोणी जात नसे. पाऊसकाळ सरला, नद्या उतरल्या की यात्रेकरूंचा संघ निघे, आणि विद्यार्थी त्यात सामील होई. तापी, नर्मदा ओलांडत, मध्ये चोरांचे भय, पटकीचे भय, जागोजागी जकातीची चौकी. पोचायला महिने लागत. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपुरावरून जोडला गेला आणि हे सगळे एकदम आटोपले. पुढे १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड रेल्वे झाली, तिच्यावर आपल्याच तालुक्यातले लासूर स्टेशन. तिथे बसायचे, मनमाडला गाडी बदलायची आणि दोन-तीन दिवसांत गंगा दिसायची. काशीपाशी गंगेवरचा रेल्वेचा पूल १८८७ चा.

तरीही काशी हे परराज्यच. एकोणिसाव्या शतकात गंगापूर निजामाच्या मुलखात, पलीकडचे टोके इंग्रजांच्या अहमदनगर जिल्ह्यात, आणि काशीत भाषा निराळी, हवा निराळी. दख्खनच्या पोराला पौषातली काशीची थंडी सोसवत नाही आणि जेठातली लू तर त्याने पाहिलेलीच नसते. भाकरी नाही. तुरीची डाळ आहे, पण ती अरहर होऊन पानात येते.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूची होती. पंचगंगा घाटापासून दुर्गाघाटापर्यंतच्या गल्ल्यांत त्याला मराठी कानावर पडे. या वस्तीचे मूळ दीक्षितांच्याही मागे जाते. पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात काशीला गेले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांनी विश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभे करण्यात पुढाकार घेतला आणि ‘त्रिस्थलीसेतू’ लिहिला. त्याच घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधू’ पुरा केला, आणि त्याच घराण्यातले गागाभट्ट १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला आले. म्हणजे गंगापूर-पैठणकडचा मुलगा काशीत उतरला की कोणाच्या तरी मावसभावाच्या व्याह्याचा पत्ता त्याच्या पंच्याच्या गाठीला असेच. पहिल्या रात्रीची सोय त्याने होई. पुढे एखाद्या वाड्याची ओसरी, मठाचा कोपरा किंवा ब्राह्मणांसाठी धनिकांनी बांधून ठेवलेली ब्रह्मपुरी. भाडे बहुधा नसे.

शिकण्यालाही पैसे लागत नसत. विद्या विकणे हे पाप, अशी समजूत पक्की होती. शास्त्री आपल्या घरीच पाठ सांगत आणि त्यांचे पोट चाले ते संस्थानिकांच्या वर्षासनावर आणि दक्षिणेवर. मुलाने जायचे, नमस्कार करायचा, मागे बसायचे. कुठल्या शास्त्रासाठी कोणाकडे, हे आधीच्या विद्यार्थ्यांकडून कळे. एकच मुलगा सकाळी व्याकरणाला एका घरी आणि दुपारनंतर न्यायाला दुसऱ्या घरी जाई.

दिवस पहाटे घाटावर सुरू होई. स्नान, संध्या, मग पाठ. वैदिकाचा मार्ग वेगळा, शास्त्र्याचा वेगळा. वैदिक मुलगा गुरूमागून संथा म्हणे. संहिता, पद, क्रम आणि पुढे जमले तर जटा, घन. अर्थ विचारण्याचा रिवाज तिथे नव्हता. आठ-दहा वर्षे घोकून दशग्रंथी झाला की गावी परतून त्याला मान आणि चरितार्थ दोन्ही मिळत. शास्त्राच्या विद्यार्थ्याने अमरकोश आणि सूत्रे लहानपणीच पाठ केलेली असत. काशीत तो सिद्धांतकौमुदी, मग मनोरमा, मग शेखर अशा पायऱ्या चढे. यातले ‘परिभाषेंदुशेखर’ आणि ‘शब्देंदुशेखर’ लिहिणारे नागेशभट्ट हे काळे घराण्यातले, म्हणजे पुन्हा मराठीच. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्या हे अनध्यायाचे दिवस. त्या दिवशी नवा पाठ नाही. कपडे धुणे, पोथी उतरून काढणे, घरी पत्र, नाहीतर पलीकडच्या तीरावर भटकणे. छापील पुस्तके स्वस्त होईपर्यंत पोथीची नक्कल ही विद्यार्थ्याची मोठी मजुरी होती.

परीक्षा नव्हती, पण त्याहून जड अशी सभा होती. नागपंचमीला नागकुव्यावर व्याकरणाचे विद्यार्थी शास्त्रार्थाला जमत. महाभाष्यकार पतंजली म्हणजे शेषाचा अवतार, म्हणून ही तिथी आणि ही जागा. तिथे अडखळलेल्या मुलाला वर्षभर चिडवत, आणि जिंकलेल्याचे नाव दुसऱ्या दिवशी गल्लीगल्लीत झालेले असे.

आता जेवणाकडे येऊ, कारण माझ्या मते सगळी गोम तिथे आहे.

काशीत अन्नछत्रे पुष्कळ होती. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास विश्वनाथाचे देऊळ बांधले, हे सर्वांना माहीत असते. अन्नदानाच्या सोयी लावून देण्यातही त्या पुढे होत्या. इतर मराठी सरदारांनी, संस्थानिकांनी तोच कित्ता गिरवला. पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत पेन्शन घेऊन काशीत राहिलेले आणि १८२४ मध्ये तिथेच वारलेले अमृतराव पेशवे यांचा दानधर्मही मोठा. छत्रात दुपारी पंगत बसे. सोवळ्याने जायचे, तांब्या आपला, पान छत्राचे. एकवेळचे जेवण पक्के. रात्री मिळाले तर चुरमुरे, सत्तू, नाहीतर गंगेचे पाणी. एखाद्या यजमानाचे श्राद्ध किंवा उद्यापन निघाले की वर दक्षिणा. त्या दोन-चार आण्यांत दिव्याचे तेल, लेखणी, टपाल भागे.

पण छत्राच्या दाराशी प्रश्न विचारले जात. कोण, कुठले, शाखा कोणती, गोत्र काय? दात्याने ज्यांच्यासाठी छत्र घातले त्यांनाच पान. त्यामुळे पाठशाळेचे दार फुकट असले तरी तिथे टिकणार कोण, हे स्वयंपाकघर ठरवत असे. ज्याला छत्रात पान नाही, त्याला काशीत शिक्षण नाही. कुणब्याच्या, माळ्याच्या, महाराच्या मुलाची तर गोष्टच नको. तो या रांगेत उभाच राहू शकत नव्हता. आणि मुलींचे? मणिकर्णिका तांबे, म्हणजे पुढची झाशीची राणी, याच मराठी काशीत जन्मली. तिथल्या एकाही पाठशाळेत तिच्यासारखीला जागा नव्हती.

छत्राच्या दाराशी होणाऱ्या या निवडीचा सगळ्यात जिवंत साक्षीदार म्हणजे धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या साखवाळचे, १८७६ चा जन्म. बुद्धाविषयी वाचले, ध्यास घेतला, आणि १८९९ च्या अखेरीस बायको-मुलीला मागे ठेवून घर सोडले. संस्कृत आल्याशिवाय पुढे वाट नाही म्हणून पुणे, ग्वाल्हेर करत काशी गाठली आणि गंगाधरशास्त्री तेलंग यांच्या पाठशाळेच्या आश्रयाने व्याकरण सुरू केले. जेवण अन्नछत्रात. सारस्वतांच्या ब्राह्मण्याबद्दलच शंका घेणाऱ्या त्या काळात कोसंबींसारख्या सारस्वत विद्यार्थ्याला मराठी छत्रातले पान सहज मिळणारे नव्हते. ‘निवेदन’ या आत्मकथनात त्यांनी काशीतले हाल लिहिले आहेत, पण रडत नाहीत. मला त्या पानांत आवडतो तो त्यांचा कोरडेपणा. पुढे नेपाळ, बुद्धगया, आणि १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी श्रामणेर, म्हणजे नवदीक्षित भिक्षू. खरे परदेशातले धर्मशिक्षण त्यांना मिळाले ते कोलंबोत. काशीत पोट भरण्यासाठी त्यांना आपली जात सिद्ध करावी लागत होती, आणि ज्या विषयासाठी ते निघाले होते तो बौद्ध धर्म काशीच्या पाठशाळांत शिकवतच नव्हते; तेही सारनाथ काही कोसांवर असताना.

पोट आणि पाठ यांची ही गाठ पहिल्यांदा सैल झाली ती कोसंबींच्याही खूप आधी, इंग्रजांच्या हातून. जोनाथन डंकनने १७९१ मध्ये काशीला संस्कृत कॉलेज काढले. पंडितांना पगार, निवडक विद्यार्थ्यांना रोख वृत्ती, आणि परीक्षा. हेतू काही थोर नव्हता. कंपनीच्या कोर्टांना हिंदू कायदा सांगणारे पंडित हवे होते. विद्यार्थी बराच काळ ब्राह्मणच राहिले. पण हातात रोख रुपया आल्यावर मुलगा जेवणापुरता मोकळा झाला. याच कॉलेजात १८४२ मध्ये गणित-ज्योतिष शिकवायला बापूदेवशास्त्री आले, ते मूळ आपल्या टोक्याच्या घराण्यातले. हेच कॉलेज वाढत वाढत आज संपूर्णानंद संस्कृत विद्यापीठ झाले आहे.

दुसरा मार्ग महाराष्ट्रातच निघाला. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. शिक्षण चार वर्षांचे, तेही विनाशुल्क. ज्ञानेश्वरी, गाथा, गीता, थोडे संस्कृत, वेदांतासाठी ‘विचारसागर’, शिवाय गायन आणि पखवाज. जातीची अट नाही. आणि जेवण? माधुकरी. मुलांनी झोळी घेऊन आळंदीच्या घरोघरी जायचे, मिळेल ते एकत्र कालवून खायचे. काशीच्या छत्रात दाता एक आणि त्याचा नियम एक; आळंदीत दाते शेकडो, त्यामुळे नियम घालणारा कोणी उरला नाही. जोग महाराज स्वतः पुण्याच्या तालमीतले पैलवान, भूक म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते.

आज गंगापूर तालुक्यातून धर्म शिकायला निघालेला मुलगा बहुधा आळंदीचीच एसटी धरतो. तालुक्यातल्या सप्ताहांत उभे राहणारे कितीतरी कीर्तनकार तिथे शिकलेले. जोग महाराजांच्या संस्थेभोवती आता खासगी वारकरी शिक्षण संस्था शेकड्याने उभ्या आहेत. त्यांतल्या अनेक ठिकाणी फी आहे, मेस आहे, सकाळी शाळा आणि संध्याकाळी हरिपाठ असा दुहेरी दिवस आहे. मुले आठ-दहा वर्षांचीही असतात. काही ठिकाणच्या छळाच्या तक्रारी गेल्या काही वर्षांत पोलिसांत गेल्या, गुन्हे दाखल झाले, आणि विनापरवाना वसतिगृहांचा प्रश्न सरकारदरबारी पोचला. तेव्हा मुलगा पाठवणाऱ्या आईबापांनी संस्थेची नोंदणी पाहावी, मुले झोपतात ती खोली पाहावी, रात्री त्यांच्याजवळ कोण असते ते विचारावे, आणि एकदा न सांगता जाऊन जेवणाच्या वेळी पंगतीत बसावे.

बापूदेवशास्त्र्यांचे गणित आणि त्यांच्या पंचांगावरून झालेला वाद पुढच्या आठवड्यात.