आमच्या घरचा दुसरा कूलर

चंद्रपूरच्या माणसाच्या तोंडी ‘कूलर’ हा शब्द आला की त्याचा अर्थ एकच. खिडकीला टेकून उभी असलेली पत्र्याची पेटी, तिच्या तीन बाजूंना गवताच्या ताट्या, तळाला पाणी आणि आत डरकाळ्या फोडणारा पंखा. होळी झाली की त्याचे गवत बदलायचे, मृग लागला की त्यावर गोणपाट टाकायचे. त्यामुळे या वर्षी एप्रिलात आमचे चिरंजीव म्हणाले, “बाबा, नवा कूलर घ्यावा लागेल,” तेव्हा पंप जळाला असावा असे समजून मी पाना शोधायला उठलो.

“तो नाही हो! माझ्या कॉम्प्यूटरचा.”

चिरंजीव पुण्याला एका वास्तुविशारदांच्या कचेरीत होते. २०२० च्या टाळेबंदीत घरी आले ते घरीच राहिले. अजून न बांधलेल्या इमारतींची हुबेहूब चित्रे कॉम्प्यूटरवर तयार करून पाठवायची, हे त्यांचे काम. एकेका चित्राला यंत्र तासन्‌तास राबते. पण लागोपाठ दोन उन्हाळे असे झाले की दुपारी दोनच्या सुमारास यंत्र तापून रेंगाळायचे आणि काम वेळेवर पोचायचे नाही.

“या मे महिन्यात पुन्हा तसंच झालं तर पुण्याला खोली बघतो,” ते म्हणाले. सौभाग्यवती भाजी निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. मी निवृत्त विज्ञानशिक्षक. पोरगा घरी राहणार की नाही हे एका पंख्यावर ठरणार असेल, तर त्यात लक्ष घालणे मला भागच होते.

तर ही भानगड काय आहे? कॉम्प्यूटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. आमच्याकडचा इंटेलचा कोअर आय ५-१२६०० के. शेवटच्या ‘के’चा अर्थ असा की मालकाने मनात आणले तर कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा तो जास्त पळवता येतो. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. बैल पळवावा तसे हे. फक्त बैल थकतो आणि हा तापतो. वेग दहा टक्के वाढवायचा तर बहुधा विजेचा दाबही थोडा वाढवावा लागतो, आणि उष्णता वेगाच्या पटीत आणि शिवाय दाबाच्या वर्गाच्या पटीत वाढते. दोन्ही दहा-दहा टक्के वाढवले तर उष्णता तेहतीस टक्के वाढली! कारखान्याच्या हिशेबाने या प्रोसेसरची कमाल मर्यादा १५० वॉट. चिरंजीवांनी ती २०० च्या घरात नेऊन ठेवली होती. १०० अंशांवर पोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपण होऊन वेग कमी करतो. म्हणजे जास्त पळवायला जावे आणि दुपारी नेहमीपेक्षाही हळू चालावे, असा प्रकार.

‘के’ जातीच्या प्रोसेसरबरोबर खोक्यात कूलर येत नाही. तो आपला आपण निवडायचा. चिरंजीवांनी आधी एका मनोऱ्याचा घेतला होता. तांब्याच्या चार नळ्या, त्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची चळत आणि एक पंखा. या नळ्यांनी मात्र मला वेड लावले. त्या भरीव नसतात. आत किंचित पाणी असते, आणि हवा काढून टाकल्यामुळे ते थोड्या उष्णतेनेही उकळते. प्रोसेसरकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, पट्ट्यांकडे जाऊन ती थंडावते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून पाणी परत येते, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे. अमेरिकेत लॉस ॲलॅमॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अशी नळी करून दाखवली. खिडकीतल्या कूलरचे पाणी वाफ होऊन जाते ते जाते. इथे तेच थेंब वर्षानुवर्षे फेऱ्या मारतात.

आता खरा मुद्दा. कूलरची स्तुती वाचावी तर चाचणी झालेली असते वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत. कूलर प्रोसेसरला थंड करत नाही, तो उष्णता खोलीच्या हवेत टाकतो. प्रोसेसर नेहमी हवेपेक्षा अमुक अंश गरमच राहणार. हा फरक ५५ अंशांचा असेल, तर पंचवीस अंशांच्या खोलीत ८० होतील आणि कोणी ब्रही काढणार नाही. आमच्या माडीवरच्या खोलीत मे महिन्यात ४२ अंश असतात, तिथे ९७! बाहेर तर पारा ४६-४७ पर्यंत जातो. पाण्याचे पंप असलेले महागडे कूलर मिळतात, तेही उष्णता शेवटी याच हवेत टाकतात. गावाला हा धडा नवा नाही. ऊर्जानगरच्या २९२० मेगावॅटच्या वीज केंद्रालाही उष्णता टाकायला इरई धरणाचे पाणी लागते, आणि २०१० साली धरण आटले तेव्हा संच बंद ठेवावे लागले होते.

चिरंजीवांचा डोळा नॉक्चुआ या ऑस्ट्रियन कंपनीच्या एनएच-डी १५ वर होता. दोन मनोरे, सहा नळ्या, दोन पंखे, वजन सव्वा किलोच्या वर. माल उत्तम, किंमत ऐकून मी चष्मा पुसला. पण त्याची उंची १६५ मिलिमीटर. मी फूटपट्टी घेऊन कॅबिनेटमध्ये माप घेतले, तर जागा १६० ची! दार लागलेच नसते. हे माप आधी घ्यावे. बहुतेक लोक शेवटी घेतात. अखेर त्याच घडणीचा, पण १५५ मिलिमीटर उंचीचा आणि बेताच्या किमतीचा कूलर मागवला.

तो बसवण्याचा मान मी घेतला. प्रोसेसरवर वाटाण्याएवढा लेप ठेवला, मळसूत्रे आलटूनपालटून तिरपी आवळली आणि ऐटीत बटण दाबले. मिनिटाभरात शंभर अंश! चिरंजीवांनी कूलर उतरवला. त्याच्या बुडाला पारदर्शक प्लॅस्टिक तसेच चिकटलेले होते, आणि त्यावर ‘बसवण्यापूर्वी काढा’ असे लिहिलेलेही होते. चाळीस वर्षे मी मुलांना ‘प्रश्न नीट वाचा’ म्हणून बजावत आलो.

प्लॅस्टिक काढल्यावर, भर दुपारी ४२ अंशांच्या खोलीत, वाढवलेल्या वेगाने प्रोसेसर ९५ वर थांबला. वेग कारखान्याच्या हिशेबावर आणला तर ८२. तासाभराच्या कामाला वाढीव वेगाने पाचसहा मिनिटे कमी लागत होती. त्या पाचसहा मिनिटांसाठी तेरा अंश! मी काही बोललो नाही. आकडे कागदावर लिहून टेबलावर ठेवले.

आणि मग सौभाग्यवतींनी विचारले, “खिडकीतला कूलर त्याच्या खोलीत लावला तर?” शेजाऱ्यांनी लगेच भीती घातली की ओल्या हवेने यंत्र सडेल. पण दव पडते ते हवेपेक्षा थंड वस्तूवर. चालू यंत्र हवेपेक्षा गरमच असते. धोका उडत्या थेंबांचा आणि पाण्यातल्या क्षारांचा. म्हणून झोत यंत्राच्या अंगावर न घेता भिंतीकडे वळवला, समोरची खिडकी अर्धी उघडी ठेवली. मेची कोरडी हवा असल्याने खोली ३२ वर आली आणि प्रोसेसर ७३ वर! जूनमध्ये हवा दमट झाली की ही युक्ती निकामी होते, पण तेव्हा बाहेरचा पाराच उतरलेला असतो.

राहता राहिली धूळ. कोळशाच्या गावात ती काळी असते. दर पंधरा दिवसांनी पट्ट्या ब्रशने झाडायच्या, पंख्याचे पाते बोटाने धरून, हा नियम मी घातला आहे. जुना कूलर गडचिरोलीला भाच्याकडे गेला. त्याचा प्रोसेसर ६५ वॉटचा साधा, वेग वाढवायचे खूळ नाही. त्याला चार नळ्या भरपूर होतात.

मे महिन्याची सगळी कामे वेळेवर गेली. गुढीपाडवा ते मृग वेग कारखान्याचा, बाकी वर्ष स्वतःचा, असे चिरंजीवांनीच ठरवले. पुण्याच्या खोलीचा विषय निघालेला नाही.

परवा पहाटे गारवा होता. चिरंजीवांनी वेग वाढवून काम लावले होते आणि यंत्रामागून उबदार हवेचा झोत येत होता. चिवड्याच्या पोह्यांना अजून ऊन मिळाले नव्हते. पाहतो तो सौभाग्यवतींनी परात नेमकी तिथे मांडलेली.