दोन तारा आणि ठाण्याची खाडी

जीपीएसचा रिसीव्हर संगणकाला जोडणे म्हणजे एका तारेची दोन टोके दोन ठिकाणी बसविणे, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी मुलुंड पूर्वेच्या एखाद्या गॅलरीत बसून हे काम एकदा करून पाहावे. तारा बसविण्याचे काम घटकाभरात आटोपते, आणि उरलेली सारी संध्याकाळ दोन यंत्रांना परस्परांच्या अटी मान्य करावयास लावण्यात खर्ची पडते.

होडीवर बसविण्याजोगा, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा माझा रिसीव्हर उघड्या तारांच्या वेणीत संपत होता. नुसते ऐकावयाचे असल्यास संगणकाला त्यांतल्या दोनच तारा पुरतात: रिसीव्हरची पाठविणारी तार नऊ पिनांच्या जोडातल्या दुसऱ्या पिनेला, आणि समाईक अर्थिंगची पाचवीला. आजच्या लॅपटॉपला असा जोड नसतो, म्हणून लॅमिंग्टन रोडवर मिळणारा यूएसबी कन्व्हर्टर मध्ये घालावा लागतो. आणि तोच कन्व्हर्टर उद्या शेजारच्या खाचेत घातला, तर संगणक त्याला नवा पोर्ट क्रमांक बहाल करून नकाशाच्या प्रोग्रामला जुन्या पत्त्यावर ताटकळत ठेवू शकतो, ही ताकीद आधीच दिलेली बरी.

नौकांवरील यंत्रांनी परस्परांशी बोलण्याचा जो शिरस्ता १९८३ साली ठरला, तो एनएमईए ०१८३ या नावाने ओळखला जातो. सेकंदाला ४८०० बिट या आजच्या मानाने गोगलगायीच्या वेगाने, डॉलरच्या चिन्हापासून सुरू होणारी, जास्तीत जास्त ८२ अक्षरांची एकेक ओळ रिसीव्हर पाठवीत राहतो. जुन्या कचेरीतला दक्ष कारकून रोजकीर्द लिहितो तशी यांतली एक ओळ असते: आधी वेळ, मग स्थान ग्राह्य की अग्राह्य याचा शेरा, पुढे अक्षांश, रेखांश, वेग, दिशा, तारीख, आणि शेवटी तारकाचिन्हापुढे दोन अंकी ताळा. डॉलर आणि तारका या दोन चिन्हांमधले प्रत्येक अक्षर हिशेबात धरून काढलेला हा ताळा जुळला नाही, तर संगणकाने ती ओळ मुकाट्याने रद्द करावयाची असते. होडीच्या इंजिनाजवळून तार नेली की अशा रद्द ओळींची संख्या वाढते.

ओळ शाबूत आली तरी तिचा अर्थ लावण्यात फसगत होते. मुलुंडजवळच्या खाडीचा अक्षांश ‘१९१०’ आणि रेखांश ‘०७२५८’ असा येतो. त्याचा अर्थ एकोणीस अंश दहा मिनिटे आणि बहात्तर अंश अठ्ठावन्न मिनिटे. घाईघाईने कोणी १९.१० आणि ७२.५८ अंश असे वाचील, तर त्याची होडी खाडीतून उचलली जाऊन जुहूच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर, भर अरबी समुद्रात जाऊन पडेल! वेळही आपली नव्हे, जागतिक प्रमाणवेळ असते, साडेपाच तास मागे. आणि संगणक सुरू होत असताना रिसीव्हर बोलत असला, तर कित्येकदा संगणक त्यालाच माऊस समजतो. मग पडद्यावरचा बाण भूतबाधा झाल्यासारखा धावू लागतो, आणि हार्डवेअरच्या यादीतून तो खोटा माऊस हुडकून बंद करीपर्यंत थांबत नाही.

गॅलरीत आणखी एक गंमत पाहावयास मिळते. अर्धे आकाश इमारतीने झाकलेले असल्यामुळे उपग्रह एकाच बाजूचे दिसतात, आणि टेबलावर निश्चल पडलेला रिसीव्हर पडद्यावर मात्र मिठागर रोडच्या आसपास रेंगाळत फिरतो. खाडीच्या मोकळ्या आकाशाखाली तो एकदम शहाणा होतो. मात्र नकाशाही त्याच भाषेतला हवा: रिसीव्हर डब्ल्यूजीएस ८४ या मापनपद्धतीने बोलतो, तर एव्हरेस्ट या सर्वेक्षकाच्या १८३० सालच्या पृथ्वीगोलावर बेतलेला जुना नकाशा तीच जागा पाण्यातून उचलून तिवरांत नेऊन ठेवील.

ऐरोली पुलाच्या आसपास एवढ्यानेही भागत नाही. तेथील गाळ स्थिर राहत नाही. भरतीला जेथून होडी निर्धास्त जाते तेथे ओहोटीला चिखल उघडा पडतो, आणि उपग्रह पाण्याची खोली सांगत नाहीत. आम्ही होडीने तेथे गेलो तेव्हा आमचे तांडेल पुलाचे खांब आणि पारसिकचा डोंगर यांच्या मेळावरून वाट धरीत होते. उन्हात पांढराफटक दिसणाऱ्या लॅपटॉपकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. तेव्हा संगणकाकडे वाटाड्याचे नव्हे, दप्तरदाराचे काम सोपविले: तांडेल नेतील तो मार्ग वेळेसह टिपावयाचा, आणि मागाहून भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी त्याची रुजवात घालावयाची. कोणत्या घटकेला कोणत्या बाजूने पाणी असते, हे कळण्यास त्या खाडीत याहून चांगला दस्तऐवज मला तरी ठाऊक नाही. परतताना तांडेलांनी या नोंदीविषयी एकच विनंती केली. “बाकी काय पण ठेवा,” ते म्हणाले, “माझ्या जाळ्याच्या खुंटांची जागा तेवढी त्यात ठेवू नका.” तेवढा तुकडा त्यांच्यादेखत पुसून टाकला.