आश्वासन आणि त्याचा आधार

उत्तर दिल्लीतील टेकडीवर हिंदूराव नावाचे मोठे रुग्णालय आहे. हे नाव मराठी आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी येते. ग्वाल्हेरच्या बैजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांनी येथील वाडा विकत घेतला होता. त्याचा पूर्वीचा मालक विल्यम फ्रेझर हा इंग्रज अधिकारी. त्याचा १८३५ साली खून झाला. १८५७च्या युद्धात हाच वाडा इंग्रजी सैन्याचे मोक्याचे ठाणे बनला. आज तेथे महानगरपालिकेचे रुग्णालय आहे, आणि ज्यांना खासगी इस्पितळाची पायरी चढवत नाही, असे हजारो लोक ही टेकडी चढतात.

निवडणुकीच्या दिवसांत अशा लोकांना दोन आश्वासने हमखास ऐकू येतात. उपचार सर्वांच्या आवाक्यात येतील, हे एक. आणि मातृत्वाचा निर्णय स्त्रीच्याच हाती राहील, हे दुसरे. दोन्ही आश्वासने मोलाची आहेत. तथापि ती पारखावयाची कशी? त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न असा की, ही गोष्ट कोणत्या सभागृहाच्या हाती आहे? आपल्या संविधानाने सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा विषय राज्यांकडे दिला. कुटुंबनियोजन मात्र १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने केंद्र आणि राज्ये या दोहोंचा विषय झाले. गर्भपाताचा कायदा संसदेचा आहे. दिल्लीत तर गुंता आणखी वाढतो, कारण विधानसभेखेरीज महानगरपालिकेचीही रुग्णालये तेथे आहेत. म्हणून हिंदूरावविषयी आमदार वचन देतो, तेव्हा ते पुरे करण्यासाठी त्याला नगरसेवकांचे साहाय्य लागते. आणि गर्भपाताच्या कायद्यात त्याला एक अक्षरही एकट्याने बदलता येत नाही.

दुसरा प्रश्न, पैसा कोण देणार? २०११ सालच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयांतील प्रसूती, शस्त्रक्रियेची असली तरीही, विनामूल्य ठरविली. औषधे, तपासण्या, आहार आणि वाहनही त्यात आले. परंतु कागदावरची विनामूल्यता तिजोरीवाचून लंगडी पडते. ऑक्टोबर २०२० मध्ये, कोविडची साथ भरात असताना, हिंदूरावच्या निवासी डॉक्टरांना थकलेल्या वेतनासाठी संप करावा लागला आणि तेथील कोविड रुग्ण अन्यत्र हलवावे लागले. महानगरपालिका आणि दिल्ली सरकार परस्परांकडे बोट दाखवीत होते. झळ पोहोचली ती डॉक्टरांना आणि रुग्णांना.

या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर मुंबईच्या विधिमंडळात फार पूर्वीच दिले गेले होते. १९२८ साली प्रसूतिरजेच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेची विश्रांती हे राष्ट्राचे हित मानले, आणि म्हणून तिच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असे प्रतिपादिले. केवळ सहानुभूती दाखवून ते थांबले नाहीत. भार कोणाचा, हेही त्यांनी सांगितले. पुढल्याच वर्षी तो कायदा झाला.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे : संमती कोणाची? १९२१ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. नोव्हेंबर १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला. तो नामंजूर झाला. तेव्हा स्त्रीला साधनच नाकारले गेले. पुढे आणीबाणीत उलटे टोक गाठले गेले. दिल्लीत नसबंदीसाठी सक्ती झाली, आणि १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. त्याला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही, एवढेच. नाकारणे आणि लादणे, या दोहोंत माणसाची इच्छाच गौण ठरते.

गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला. त्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. पतीची सही लागत नाही. २०२१च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टराचे, आणि विशिष्ट परिस्थितीतील स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत आवश्यक असते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही या मुदतीचा लाभ दिला. तरी कायदा निर्णयाचा आरंभ डॉक्टराच्या मतापासून करतो, हे विसरून चालत नाही. शिवाय असा गर्भपात सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणीच करता येतो. ते ठिकाण दूर असेल, तेथे डॉक्टर नसेल, अथवा कोणी विनाकारण पतीची सही मागत असेल, तर कायद्याने दिलेली मुदत वाट पाहण्यातच सरून जाते.

यावरून दिसून येईल की, ही दोन आश्वासने वस्तुतः एकच आहेत. परवडणारे रुग्णालय नसेल, तर निर्णयाचा अधिकार गरीब स्त्रीच्या उपयोगी पडत नाही. आणि संमतीचा मान नसेल, तर विनामूल्य उपचारही जुलूम होऊ शकतो. म्हणून मत मागावयास आलेल्या उमेदवाराला मतदाराने विचारावे : हे तुमच्या सभागृहाच्या हाती आहे काय? अंदाजपत्रकात त्यासाठी रक्कम किती? आणि नकार देणाऱ्या स्त्रीचा नकार तुम्ही मानाल काय? ज्याची उत्तरे नेमकी असतील, त्याच्याकडून पाच वर्षांनी हिशेब मागता येतो.