एक नाव, अनेक उच्चार

माझ्या नातवाचे नाव याह्या. अंधेरीतल्या एका शाळेत त्याला घालायला गेलो, तेव्हा कारकून म्हणाले, ‘‘हे कुठले हो परदेशी नाव? कागदावर लिहून द्या.’’ मी मराठीतच लिहून दिले, पण मन खट्टू झाले. घरी परतताना शेजारच्या ईस्ट इंडियन मावशी भेटल्या. हकिगत ऐकून म्हणाल्या, ‘‘अहो, म्हणजे आमचा जॉनच की!’’

मावशींचे खरे होते. मूळ हिब्रू नाव योहानान. अर्थ, परमेश्वराने कृपा केली. ग्रीक व लॅटिनमधून ते युरोपभर गेले. इटलीत त्याचे जोव्हान्नी झाले, पोर्तुगालात जुआंव, इंग्लंडात जॉन. मराठी बायबलात तो योहान, कुराणात याह्या.

इटलीत या नावाला मोठा मान. फ्लोरेन्स शहराचा रक्षक संत बाप्तिस्मा देणारा योहानच. असिसीच्या संत फ्रान्सिसचेही पहिले नाव जोव्हान्नी. फ्रान्सहून परतलेल्या कापडव्यापारी वडिलांनी ते बदलून फ्रान्चेस्को केले. हाच फ्रान्सिस १२१९ मध्ये, धर्मयुद्ध चालू असताना, इजिप्तचा सुलतान अल-कामिल याला जाऊन भेटला.

आपल्याकडे हे नाव पोर्तुगीजांबरोबर आले. १५७९ मध्ये जेझुइटांनी अंधेरीजवळ कोंडिविट्याला या योहानाच्या नावाने चर्च बांधले. १८४० च्या सुमारास साथ आली, गावकरी मरोळला गेले. ते पडके चर्च आज सीप्झच्या आवारात उभे आहे. गोव्यात २४ जूनला, योहानाच्या जन्मदिवशी, सांजांव साजरा होतो. डोक्यावर फुलापानांचे मुकुट घालून तरुण विहिरींत उड्या मारतात. तिकडे दमास्कसच्या उमय्यद मशिदीत याह्याचे स्थान आहे. मुसलमान आणि ख्रिस्ती दोघेही ते मानतात. २००१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे त्या मशिदीत गेले होते.

दोन्ही धर्मग्रंथांत त्याच्या जन्माची कथा आहे. वृद्ध जकरियाला मुलगा होणार अशी वार्ता येते आणि काही काळ त्याची वाचा बंद होते. कुराण म्हणते, हे नाव पूर्वी कुणालाच दिलेले नव्हते. बायबलात नातेवाईक बापाचेच नाव ठेवायला निघतात. तेव्हा जकरिया पाटी मागवतो आणि लिहितो, की याचे नाव योहान.

म्हणजे हे नाव लिहून देण्याची पाळी पहिल्यांदा बापावरच आली होती! हे आठवले आणि कारकुनांवरचा माझा राग गेला. पुढच्या खेपेला शाळेत गेलो, की मावशींचे ते वाक्य त्यांना सांगणार आहे.